कोरडा हात

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. काकांचा गुडघा गेला तो माझ्यामुळे. घोडीचा काही दोष नव्हता.

बोरीवलीत आमच्या सोसायटीमागे, नॅशनल पार्कच्या भिंतीला लागून, पत्र्याखाली काकांची पांढरी घोडी असायची. काका नात्यातले नव्हेत, घोडी लग्नांना भाड्याने द्यायचे. वरातीत कानाशी बँड वाजला तरी जागची हलायची नाही. त्या शांतपणावरच काकांचं घर चालायचं. मी रोज सकाळी ऑफिसआधी मदतीला जायचो. तसा घोड्यांना भीत होतो, हिला मात्र नाही.

थंडीत तिच्यावर सुती गोधडी असायची. त्या जानेवारीत मी घरचं गुबगुबीत सिंथेटिक ब्लँकेट नेलं.

"हे कसलं रे अस्वल?" काका हसले. "घाल. पण काढताना हात ओला करून अंगावरनं फिरव, मग वर उचल. ओढू नकोस, साहेब. कोरड्या हवेत चटचट ठिणग्या उडतात. जनावराला वाटतं, कोणीतरी चावलं."

दुसऱ्या दिवशी बादलीतलं पाणी बर्फासारखं होतं. उशीर झालेला. मी हात न भिजवताच ब्लँकेट मागून खस्सकन ओढलं. तडतड झाली, तिच्या पाठीवर निळी ठिणगी दिसली. काका तिच्या मागे वाकून शेण भरत होते. लाथ बसल्याचा आवाज आला आणि काका गुडघा धरून खाली पडले.

"हात ओला केला होतास ना रे?" जमिनीवर पडल्या पडल्या त्यांनी विचारलं.

"केला होता, काका."

हात तेव्हा माझ्या खिशात होते. ते बाहेर काढायची भीती वाटत होती.

महिनाभराने काकांनी घोडी विकली. "बिनकारण लाथ घालते आता. वरातीत लहान पोरं असतात, कशी नेऊ हिला?" टेम्पोत चढवताना तिने सवयीने गुळासाठी माझा खिसा हुंगला. मी टेम्पोची फळी लावून घेतली.

काका आता काठी घेऊन समोरच्या इमारतीच्या गेटवर बसतात. मला हाक मारतात, "काय साहेब, चहा?" प्रत्येक वेळी वाटतं, आज विचारणार. विचारत नाहीत. म्हणतात, "जनावराचा भरवसा नाही बघ." मी मान डोलावतो. थंडीत स्वेटर काढताना तडतड झाली की अजून दचकतो, आणि बायको विचारते, काय झालं?

घोडी कुठे आहे ठाऊक नाही. काका समोरच आहेत. हात कोरडा होता, एवढं सांगण्याचं देणं मी त्यांचं लागतो.