निळ्या खुर्चीची बैठक

बाबांची जुनी सागवानी खुर्ची घासून तिला निळा ऑइलपेंट लावायला घेतला आणि त्या वासाने मी थेट करडी गावच्या आमच्या अंगणात पोहोचलो.

आजारी माय सकाळच्या उन्हात याच खुर्चीत बसली होती. बाबा खाली उकिडवे बसून खुर्चीचे पाय, हात रंगवत होते. रंग लागू नये म्हणून मायने आपले हात मांडीवर आवरून घेतले होते.

“तिले उठवत काहून नाही?” मी वैतागून विचारलं.

“बसू दे तिले. बैठक मंग रंगवतो.”

उन्हाळा लागायच्या आत माय गेली. बैठक कोरीच राहिली. बाबा अर्धवट कामाचे, असं मी वर्षानुवर्षं म्हणत आलो.

आज बैठक सोडून बाकीची खुर्ची रंगवून झाली. डब्यात रंग भरपूर उरला होता. मी झाकण लावलं.