आक्का सगळं वाचत होती

आज ज्या बाईनं माझ्या आक्काच्या फोटोला गुलाब लावून स्टेटस ठेवलंय, तिला आक्का जिवंतपणी घरात नको होती.

पोस्ट मोठी आहे. तिनं तर पूर्ण वाचावीच.

आक्का माझी थोरली बहीण. विट्याजवळच्या गावात दिलेली. दाजींचं तमिळनाडूत सोनं गाळायचं दुकान, वर्षातून दोनदा घरी यायचे. घरी सासू, दीर, धाकटी जाऊ, आक्का आणि तिची लेक.

लेक लहान असताना आक्काला मोठा ताप आला आणि दोन्ही कान गेले. मशीन लावून बघितलं, उपयोग झाला नाही.

बोलता यायचं. फक्त ऐकू यायचं नाही.

पण घरात तिच्याशी बोलणंच बंद झालं. नुसत्या हाताच्या खुणा. भांडी, झाडू, गोठा.

मी सांगलीत मेडिकलमध्ये कामाला. तिथं एका गिऱ्हाइकाच्या फोनवर ते ॲप बघितलं. समोरचा बोलतो, फोन ते मराठीत लिहून दाखवतो. एकदम फ्री. आक्का माहेरी आली तेव्हा तिच्या फोनमध्ये टाकून दिलं आणि म्हटलं, "आक्का, तुझा चहा लय पाणचट झालाय."

तिनं वाचलं. हसली. मग पदर तोंडाला लावून रडत बसली.

कित्येक वर्षांनी कुणीतरी तिच्या चहाला नावं ठेवली होती.

मग काय, एसटीत कंडक्टरसमोर फोन धरायची. डॉक्टरकडं एकटी जायला लागली. रेसिपीचे व्हिडिओ वाचत वाचत बघायची.

सासरी मात्र तिनं ॲपचं सांगितलं नाही. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, "सांगते की. आदी बगू तरी, काय बोलत्यात."

फोन ओट्यावर उताणा ठेवून ती भाकरी थापायची. सगळ्यांना वाटायचं, व्हॉट्सॲप बघतीय.

ॲपला आमची बोली अर्धीच कळायची. 'आवं'चं 'आंबा' व्हायचं, 'कवा'चं 'कव्वा'.

'बहिरी' हा शब्द मात्र त्यानं एकदाही चुकवला नाही.

जाऊ आक्कानं केलेली भाकरी खात तिच्यासमोरच म्हणायची, ही कवा मरायची. सासू हसायची.

मग प्रकरण पुढं गेलं. जावेची मावसबहीण लग्नाची होती. तिला दाजींच्या गळ्यात बांधायचं ठरलं. दीर दाजींना फोन करून सांगायचा, वहिनीचं डोकं फिरलंय, गॅस चालू ठेवून जाते, पोरीला मारते. हे सगळं आक्काच्या समोर बसून.

दाजींचे मेसेज कमी झाले. तेव्हा आक्का घाबरली.

मी म्हटलं, आत्ताच दाजींना सांगते. तिनं मला शपथ घातली. तिला हे समोरासमोर पाहिजे होतं. आठ महिने ती सगळं सेव्ह करत राहिली.

दिवाळीला दाजी आले. पाडव्याच्या सकाळी चुलते, मामा, सगळे सोप्यात बसले. दिरानं वहिनीच्या डोक्याचं सांगायला सुरुवात केली. आक्का चहा देऊन तिथंच बसली. तिला उठ कोण कशाला म्हणेल?

दिराचं सांगून झालं. आक्कानं फोन उचलला आणि वाचायला लागली.

वार. वेळ. कोण काय म्हणालं.

तिला स्वतःचा आवाज ऐकू यायचा नाही, म्हणून ती मोठ्यानं बोलायची. शेजारपाजारचे दारात गोळा झाले. जाऊ फोन ओढायला आली, तर दाजी आडवे झाले.

त्यांनी आईला विचारलं, "आई, हे खरं हाय का?"

सासूबाई उठून आत गेल्या.

आक्का दाजींकडं वळली. म्हणाली, "तुमी मला एकदा तरी इचारायचं हुतं."

भाऊबीज झाली आणि दाजी तिला आणि लेकीला घेऊन गेले.

तिकडं ती दुकानात पुढं बसायची. गिऱ्हाईक तमिळ बोलायचं, फोन मराठीत दाखवायचा. नंतर तर दुकान तीच चालवायची. दिरानं तिकडं येऊन काम शिकायला चारदा विचारलं. चारही वेळा आक्कानंच नाही म्हटलं.

लोक म्हणतात, मोठ्या मनाची होती, सगळं विसरली.

खोटं आहे. ती काहीच विसरली नव्हती.

गेल्या वर्षी कॅन्सर निघाला. उपचाराला सांगलीत आणली होती. शेवटच्या आठवड्यात माझा हात धरून म्हणाली, "मी गेल्यावर मला न्याल तर गावाकडंच. पर तिचा हात मला लागू द्यायचा न्हाई."

गावाकडं नेली. सवाष्ण गेली म्हणून बायका हळदीकुंकू लावत होत्या. जाऊ "माझी सख्खी भन गेली" म्हणत हंबरडा फोडत पुढं आली.

मी मधे उभी राहिले.

"तुमी न्हाई लावायचं."

सगळे म्हणाले, आता सोड, ही वेळ आहे का. सासूबाईंनी हात जोडले. मी हलले नाही. शेवटी दाजीच म्हणाले, ती म्हणती तसं करा.

जाऊ कुंकवाचं बोट तसंच घेऊन, अख्ख्या गावासमोर मागं फिरली.

त्याचं वाईट वाटतं का, असं मला अजून विचारतात.

नाही. बरं वाटलं. अजूनही वाटतं.

आक्का, आज वर्ष झालं. लेक बरी आहे. दाजी जेवतात वेळेवर. मला तुझी रोज आठवण येते.

तुला मनापासून नमस्कार.

तुझ्या सासरच्यांना नाही.