बसमध्ये निवडलेली मेथी

कॅनडातल्या मिसिसागाच्या बसमध्ये एक आजी एकदाच माझ्या शेजारी बसल्या. सत्तरीच्या असतील. विंटर कोटावर कागद पसरून मेथी निवडत होत्या. हात क्षणभरही थांबत नव्हते. मला फोनवर मराठीत बोलताना ऐकून, मी फोन ठेवताच म्हणाल्या, “कोवळे देठ टाकू नका हो. बारीक चिरून थालीपिठात घालायचे.”

“घरी का नाही निवडत?” मी हसत विचारलं.

“घरी सून म्हणते, आई, रिलॅक्स करा.” त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं आणि लगेच पुढची काडी उचलली. “गेल्या महिन्यात दोनदा स्टोव्ह चालू राहिला माझ्याकडून. मुलाने त्याची बटणंच काढून ठेवलीत. त्याचं बरोबरच आहे. पण चाळीस वर्षं घर या हातचं जेवलं. आता हे हात मांडीवर ठेवून बसायचं कसं, ते कुणी सांगत नाही.”

त्यांच्या पिशवीतली दुसरी जुडी काढून मी निवडायला लागले. त्यांनी माझा ढीग तपासला आणि दोन पिवळी पानं वेगळी केली.

“नीट बघून,” त्या म्हणाल्या.

माझा स्टॉप आला आणि गेला. मी उठले नाही.