डॉक्टर लुमिरचं आभाराचं कार्ड

आमच्या गावात कुणी चार काकड्या दिल्या तरी आभाराचं कार्ड जातं. डॉक्टर लुमिर वोंद्रासेक तर या बाबतीत अट्टल. नेब्रास्काच्या या कोपऱ्यात चाळीस वर्षं दवाखाना चालवला, पेशंटांनी आणलेले खसखशीचे कोलाचे, म्हणजे चेक पद्धतीचे गोड पाव, खाल्ले आणि दर डब्यामागे एक कार्ड टाकलं.

कोरोनाची साथ आली आणि दवाखाना ओस पडला. काउंटरवरच्या अर्लिसचा पगार पुढे कुठून द्यायचा, याच काळजीत डॉक्टर असताना एका सकाळी बँकेत सरकारकडून बत्तीस हजार डॉलर येऊन पडले. न मागता. वर 'दिलासा' असं नाव.

कॉफीच्या टेबलावर डॉक्टरांनी आम्हाला ऐकवलं, "यातला एकही डॉलर मी यंदा खर्चणार नाही. हा अर्लिसचा पुढच्या वर्षीचा पगार." आणि लगेच वॉशिंग्टनला कार्ड रवाना. वर उडत्या बदकांचं चित्र, आत मजकूर: भेटीबद्दल मनापासून आभार.

पुढच्या मार्चमध्ये गावाचा हिशेबनीस डेल्बर्ट टेसार कागद चाळत म्हणाला, "लुमिर, त्या पैशावर कर आहे. साधारण नऊ हजार."

"अरे, ती भेट होती. मी कार्डसुद्धा पाठवलंय."

"सरकारच्या लेखी ते तुझं उत्पन्न."

"पण मी तर हातही लावला नाही."

"तिथेच चुकलास. त्याच वर्षी पगारात घातले असतेस तर वजा झाले असते. यंदाचा पगार यंदाच्या हिशेबात."

"आणि गावच्या हॉस्पिटलला ऐंशी लाख मिळाले, त्याचं काय?"

"ते धर्मादाय. त्यांना कर नाही."

"धर्मादाय? त्यांच्या मॅनेजरचा पगार ठाऊक आहे का तुला?"

"त्याचा रिटर्न मीच भरतो," डेल्बर्ट शांतपणे म्हणाला.

अर्लिसच्या कानावर हे गेलंच. "अहो डॉक्टर, माझ्या पगाराच्या पैशातूनच कर भरा की. मी तीन महिने घरी बसेन."

"घरी बसून करशील काय?"

"नवऱ्याला कामाला लावीन."

"नको. त्याची पाठ आधीच दुखते. इथेच बस."

डॉक्टरांची एक बोट होती. निवृत्त झाल्यावर तिच्यात बसून तळ्यात मासे धरायचे, एवढंच त्या माणसाचं स्वप्न. ती विकायला काढली. घाई होती, त्यामुळे भाव पडला. घेतली हॉस्पिटलच्या मॅनेजरने, एका चेकमध्ये. कर भरला, अर्लिस काउंटरवर राहिली.

आठवड्याने मॅनेजरचं कार्ड आलं. आमच्याच गावचा ना तो. आत लिहिलं होतं: इतक्या कमी भावात दिलीत की भेटच मिळाल्यासारखं वाटलं. मनापासून आभार.

डॉक्टर ते घेऊन थेट डेल्बर्टकडे गेले. "हा बघ, भेट म्हणतोय. लेखी. याला लागेल का रे कर?"

डेल्बर्टने चष्मा लावून कार्ड दोनदा वाचलं आणि परत दिलं.

"याला? नाही."