मंगेशनं गाडीला नावं ठेवली

"गाडी कशी वाटली?" देशमाने सरांनी तिसऱ्यांदा विचारलं.

"चांगली हाय सर," मंगेश तिसऱ्यांदा म्हणाला. हेल्मेट त्यानं दोन्ही हातांनी पोटाशी धरलं होतं, सत्काराचा नारळ धरावा तसं.

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी लॅपटॉपकडे पाहिलं.

मी मातीच्या ट्रॅकवर कार पळवणाऱ्या, देशमाने सरांच्या टीममध्ये डेटा इंजिनीअर आहे. गाडीत बसवलेले सेन्सर वेग, स्टिअरिंग, चाकांची हालचाल टिपतात. ते आलेख वाचून गाडीत काय बदलायचं ते मी सांगते. आमची टीम चॅम्पियनशिप जिंकलेली. पुढच्या सीझनसाठी ड्रायव्हरची एक जागा रिकामी होती, आणि त्यासाठीची चाचणी वर्ध्याबाहेरच्या एका लेआउटवर ठेवली होती. प्लॉट पडलेले, मुरमाचे रुंद रस्ते झालेले, घर एकही नाही. जागा मीच सुचवली होती. मी वर्धा जिल्ह्यातल्याच आर्वीची. असे लेआउट मला पाठ आहेत.

मंगेश जवळच्याच आंजी गावचा. शेतातल्या जुन्या जीपवर हात बसलेला. मग लोकांच्या गाड्या मागून त्यानं नागपूरकडच्या चार-पाच छोट्या शर्यती मारल्या. त्या सकाळी तर तो आमच्या पक्क्या ड्रायव्हरपेक्षा कमी वेळात फेरी मारून आला. जागा त्याचीच, असं मी मनात लिहूनही टाकलं होतं.

पण रेसिंगमध्ये नुसतं पळवून भागत नाही. फेरी संपली की गाडी कुठे चुकते ते ड्रायव्हरनं सांगायचं असतं. याला डीब्रीफ म्हणतात. त्यावरूनच गाडी सुधारते. म्हणून नवा ड्रायव्हर आला की सर गाडी मुद्दाम थोडी बिघडवतात आणि त्याला कळतं का बघतात. त्या दिवशी पुढच्या टायरमध्ये हवा जास्त भरली होती आणि मागचा डावा शॉकअप ढिला केला होता. हे सर, मेकॅनिक आणि मी, तिघांनाच माहीत.

आलेख सांगत होता की मंगेशच्या हातांना सगळं कळतंय. वळणाआधी तो स्टिअरिंग जरा लवकर फिरवत होता. बिघडलेली गाडी सांभाळून घेत होता. फक्त बोलत नव्हता.

"कळत नसेल तर उपयोग नाही," सर म्हणाले. "कळून सांगत नसेल तर त्याहून नाही. जेवणानंतर शेवटची रन. तेव्हाही 'चांगली हाय' म्हणाला, तर घरी पाठवू."

"मी बोलू त्याच्याशी?"

"बोल. काय बिघडवलंय ते मात्र सांगायचं नाही."

मंगेश पळसाखाली वडिलांसोबत डबा खात होता. वडील, बाबाराव, सकाळीच त्याच्यासोबत आले होते.

"बसा मॅडम. झुणका हाय," ते म्हणाले.

मी बसले. "मंगेश, गाडी खरंच चांगली आहे?"

त्यानं भाकरीचा तुकडा मोडला. "ताई, त्यायनं एवढी महागाची गाडी चालवाले देल्ली. तिले नावं कशी ठेवू?"

"बरोबर हाय त्याचं," बाबाराव म्हणाले. "दुसऱ्याची जोडी मागून आणली, आन् वापस देताना म्हनलं का बैल मारका हाय, तर दुसऱ्या खेपी देईन का कोनी?"

मला हसू आलं, पण हसायचा अधिकार नव्हता. आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली. पहिल्या नोकरीत मला एका बाजूला कललेली खुर्ची मिळाली होती. कुणी विचारलं की मी 'मस्त आहे सर' म्हणायचे. आठ महिने मी तिरपी बसले.

"काका, तुम्हाला बैलांचं बरंच कळतं वाटतं."

"बाजारात लोक मलेच सोबत नेते. दात पाहाले, चाल पाहाले."

"मंगेश येतो सोबत?"

"येते ना. थो तर माह्याहून खराब. चांगल्या बैलात चार खोडी काढते. इकनारा रडकुंडीले येते."

शेवटची रन संपली. सर यायच्या आत मी गाडीपाशी पोचले.

"मंगेश, ही गाडी बाजारात विकायला आणली आहे. विकणारे सर. तू गिऱ्हाईक."

"मंग?"

"मग काही नाही. घ्यायची की नाही ते बघ."

त्यानं ट्रॅकला बांधलेल्या दोरीपलीकडे उभ्या वडिलांकडे पाहिलं. बाबारावांनी मान डोलावली. मंगेशनं हेल्मेट बॉनेटवर ठेवलं, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि टायरला हलकीशी लाथ घातली. सर आले तेव्हा त्याच्या तोंडावर बाजारातलं तुच्छ हसू होतं.

"काय दाखवून राह्यले मले? पुढचे टायर फुगवून आनले. नव्या गोऱ्ह्यावानी सरळच पळते, मान वळवत नाई. उजव्या मोडीवर मागचं डावं पुठ्ठं खाली बसते. लंगडं हाय."

सरांनी खुर्ची ओढली. "अजून?"

"ब्रेक. पयल्या दोन फेऱ्या बरा राह्यते. मंग पेडल खोल खोल जाते. ही खोड तर लपवून इकून राह्यले तुम्ही."

सर माझ्याकडे वळले. "ब्रेकला आपण काय केलं?"

"काही नाही सर."

मेकॅनिक गाडीखाली गेला. मागच्या चाकाकडे जाणाऱ्या ब्रेकच्या पाइपचा जोड ओला होता. ऑइल थेंब थेंब गळत होतं. पेडलवर माझा सेन्सरच नव्हता, त्यामुळे आलेखात काही दिसत नव्हतं. पुढच्या आठवड्यात हीच गाडी घेऊन आमचा पक्का ड्रायव्हर शर्यतीत उतरणार होता.

सरांनी त्या ओल्या जोडावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "सौदा पक्का."

"गाडीचा?" मंगेशनं विचारलं. तो अजून बाजारातच होता.

"तुझा. टीममध्ये घेतलं तुला."

बाबाराव दोरीखालून वाकून आत आले. "सही कराच्या आंधी कागद मी पाहीन. त्यातबी खोडी राह्यते."

त्यांनी करारात तीन खोडी काढल्या. दोन खऱ्या निघाल्या, आणि सरांनी त्या दुरुस्त करून दिल्या.

त्याच आठवड्यात मी ब्रेकच्या पेडलवर सेन्सर बसवला. आणि नव्या माणसाला 'कसं आहे' असं विचारणं बंद केलं. 'काय काय बिघडलंय' असं विचारते. उत्तरं लांबलचक येतात, जेवण थंड होतं. गाडी मात्र सुधारते.