शून्य पलटनची चौकी

ग्वाल्हेरच्या स्टेशनवर दादाने माझी बॅग बर्थखाली सरकवली, खाली उतरून खिडकीशी उभा राहिला आणि म्हणाला, "निघ तू. चौकी मी सांभाळतो." गाडी हलली तेव्हा मी हसत होते. हे वाक्य आमच्या लहानपणीच्या कॉमिक्समधलं, त्यामुळे तो मजेत आहे असं मी धरून चालले. त्याला आता सव्वीस वर्षं झाली.

ती मालिका म्हणजे 'शून्य पलटन'. दूरच्या ग्रहांवर लढणारी आपली फौज, हातात लेझरच्या बंदुका, आणि हवालदार मात्र पिळदार मिशांचा. ग्वाल्हेरच्या मुरार भागातल्या एका दुकानातून आम्ही अंक दिवसाच्या भाड्याने आणायचो. आमचं घराणं मूळचं फौजेतलं, म्हणून दसऱ्याला पणजोबांची तलवार पाटावर यायची. एका वर्षी दादाने तिच्याशेजारी भाड्याचा अंक ठेवला. आई रागावली, पण बाबा म्हणाले, "असू दे. पोरांचं शस्त्र आहे ते." अंकावर हळदकुंकू पडलं आणि दुकानदाराने आम्हा दोघांचे कान उपटले.

प्रत्येक अंकाच्या शेवटी पलटन यानात चढायची आणि एक शिपाई चौकीवर मागे राहायचा, बाकीच्यांना सुटता यावं म्हणून. गच्चीवर खेळताना तो शिपाई नेहमी दादा. तो पाण्याच्या टाकीमागे एकटा पहारा द्यायचा आणि मी खाटेच्या यानात बसून सगळे ग्रह पालथे घालायचे. मला वाटायचं, त्याला वीर व्हायला आवडतं.

मग बाबांना अर्धांगवायू झाला. त्याच वर्षी दादाची मर्चंट नेव्हीत निवड झाली होती. तो गेला नाही. म्हणाला, मला बोट लागते. ज्याने समुद्र पाहिलेलाच नाही त्याला हे कुठून कळलं, असं घरात कोणी विचारलं नाही. मीही नाही. माझा कॅनडाचा व्हिसा आला होता.

बाबा गेले. दादा महाराज बाड्याच्या चौकातल्या एका बँकेत चिकटला, त्याचं लग्न राहूनच गेलं, आणि आता आईचं सगळं तोच बघतो. मी टोरोंटोहून व्हिडिओ कॉलवर उंटावरून शेळ्या हाकते: आईला वॉकर दे, फिजिओ बदल. वीकेंडला इथे ग्वाल्हेरची मंडळी जमली की तिकडच्या तिळाच्या गजकच्या आठवणीने सगळ्यांचे डोळे भरून येतात, माझेही. तुम्हीही घर सोडून गेला असाल तर तुम्हाला ठाऊक असेल, गावाची आठवण काढणं सोपं असतं, कारण तिथे राहायचं काम दुसरं कोणी करत असतं.

गेल्या महिन्यात कुणा हौशी माणसाने 'शून्य पलटन'चे अंक स्कॅन करून इंटरनेटवर टाकले. मी हरखून दादाला लिंक पाठवली: "आठवतो का तुझा शिपाई?" त्याचा फोन आला.

"मी नाही उघडलं ते," तो म्हणाला. "मला तो शिपाई कधी पसंत नव्हता, बेबी. मलापण यानात बसायचं असायचं. पण टाकीच्या मागे तुला डर वाटायचा, तू रडायला लागायचीस. म्हणून."

मग तो म्हणाला, "तू आईजवळ तीन महिने राहशील? मला एक दफा समुद्र बघायचा आहे. पचास पार झालो मी."

मी 'हो' म्हणायला हवं होतं. मी म्हणाले, कॅलेंडर बघून सांगते.

चार दिवसांनी मला तीन आठवड्यांची सुट्टी मिळाली. खरं सांगायचं तर मी मागितलीच तेवढी. "अगं, बहुत झालं," दादा म्हणाला, आणि तो खरोखर खूश होता. त्याचीच मला लाज वाटते.

काल त्याने पाच पानी यादी पाठवली. आईची औषधं, तिला कोणत्या कुशीवर वळवायचं, पाणी किती वाजता येतं, मोटर कशी लावायची. इतकी वर्षं ज्याला मी आपलं घर म्हणत आले, तिथे राहायचं कसं, हे मला लिहून द्यावं लागलं. पाचव्या पानाच्या शेवटी ओळ आहे: "नाहीच जमलं तर फोन कर, मी लगेच परत येतो."

तो फोन मी करायचा नाही, असं मी रोज स्वतःला बजावते आहे.