चुकीच्या दिवशी जायचा बेत

पनोरियाच्या नाकावर माशी बसलीच, तर माशीनंच माफी मागून उडून जावं, अशी ती बाई. वय सत्तरीच्या पुढचं. कमरेत वाकली होती, मानेत नाही. आमच्या डोंगरावरच्या गावात तिच्या शेळ्यासुद्धा तिच्यापुढे नमतं घेऊन चरायच्या.

तिची थोरली बहीण दियामांतो खाली समुद्रकाठी, मावरोलिमानीत दिलेली. गावाच्या टोकाला उभं राहिलं की मावरोलिमानीची पांढरी घरं मोजता येतात, इतकं ते जवळ. तरी सात वर्षं पनोरिया तिकडे फिरकली नव्हती. कारण काय, तर भाचीचं लग्न. बहिणीनं स्वतः वर येऊन बोलवायचं, तर तिनं आमंत्रण धाडलं बटाटेवाल्या थिमिओसच्या हाती. "मी काय बटाट्याची गोणी आहे?" म्हणाली पनोरिया, आणि लग्नाला गेली नाही. वर शपथ घेतली, आता बोलावल्याशिवाय त्या घरात पाय ठेवणार नाही. खाली दियामांतोनंही शपथ घेतली, एकदा बोलावलं ते बोलावलं, पुन्हा बोलावणार नाही. दोघी एकाच आईच्या. शपथ मोडायची तरी कुणी?

यंदा वसंतात थिमिओस बटाटे विकून वर आला तो बातमी घेऊनच.

"मावशी, तुमची ताई चालली बरं का. ईस्टर झाला की लेकीकडे, मेलबर्नला. आता तिकडेच राहणार म्हणे."

"मला काय त्याचं?" पनोरिया म्हणाली, आणि शेळीच्या बादलीत कोंड्याऐवजी कॉफी ओतली.

त्या दिवसापासून तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. बहिणीला डोळे भरून बघायचं होतं, पण आपणहून वाकून गेली असं कुणी म्हणता कामा नये. चूल पेटवताना, दूध काढताना ती एकच हिशेब करत होती. मग एका सकाळी तिला वाट सापडली. दियामांतोचा नवरा योर्गिस! त्याचा नामदिन!

नामदिनाला आमच्याकडे कुणी कुणाला बोलवत नाही. ज्याच्या नावाच्या संताचा सण, त्याच्या घराचं दार उघडं. जो येईल त्याला कॉफी आणि गोड. हाडवैरी आला तरी त्याला हाकलायचं नाही, संताचा अपमान होतो. संत योर्गींचा सण तेवीस एप्रिलला. पण यंदा तेवीस तारीख आली नेमकी ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यात, गुरुवारी. सगळं गाव दूध-लोणीही वर्ज्य असलेल्या उपवासात आणि सुतकी चेहऱ्यानं असताना सण कसला करता? अशा वर्षी तो ईस्टरनंतरच्या सोमवारी ढकलतात. शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं.

पनोरियालाही होतं, आणि तिचा सगळा बेत त्यावरच उभा होता. सोमवारी अख्खं मावरोलिमानी त्या बैठकीत कोंबलेलं असणार. दियामांतो कपबशांत बुडालेली, आणि सगळ्यांचे डोळे पनोरियावर. बोलायला काय मिळणार, डोंबल? गुरुवारी मात्र ती घरात एकटी सापडेल. आणि म्हाताऱ्या बाईची तारखेत चूक झाली, तर त्यात वाकणं कुठं आलं?

तिनं थिमिओसला गाठलं. "गुरुवारी खाली जातोस ना? मलाही ने. संत योर्गींचा सण आहे."

"अहो मावशी, यंदा सोमवारी आहे."

"असं? मला कुणी सांगितलं नाही."

"पाद्रीबाबांनी देवळात सांगितलं की. तुम्ही पहिल्या रांगेत होतात."

"मला उजव्या कानानं कमी ऐकू येतं."

"ते डावीकडे उभे होते."

"मग डाव्या."

थिमिओसनं तिच्याकडे रोखून पाहिलं. मग त्याच्या मिशा हलायला लागल्या. "बरं. मला काही ठाऊक नाही. मी आपला बटाटे नेतो. एक गोणी पुढच्या सीटवर बसवली म्हणून काय झालं?"

"गोणी तुझी सासू," पनोरिया म्हणाली.

गुरुवारी तिनं नवा काळा रुमाल बांधला, दुकानातून तिळाचा हलवा घेतला आणि गाडीत बसली. उतारभर तोंडातल्या तोंडात घोकत होती, "अगं बाई, आज नाही का? अगं बाई, आज नाही का?"

दार दियामांतोनं उघडलं. कोपरापर्यंत हात लालभडक. गुरुवार म्हणजे ईस्टरची अंडी लाल रंगवायचा दिवस. पनोरियानं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. दियामांतो वाळली होती. पनोरियानं हलव्याचा पुडा पुढे केला आणि पाठ केलेलं म्हणून टाकलं.

"भावोजींना नामदिनाच्या शुभेच्छा द्यायला आले."

"सण सोमवारी आहे."

"अगं बाई! आज नाही का?"

"ये, बस," दियामांतो म्हणाली. "सणाला आलेल्याला दारात उभं करत नाहीत." आणि तिनं हातातला पुडा घेऊन उघडला. हलव्याकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं, आणि तिचे डोळे बारीक झाले.

"पनोरिया, सणाला लोक काय आणतात?"

"गोड."

"लोण्याची मिठाई आणतात, लाल फितीचा डबा. तू आणलास उपवासाचा हलवा. म्हणजे आज सण नाही, हे तुला पक्कं ठाऊक होतं."

पनोरिया पकडली गेली. बहिणीशी खोटं बोलायला तिची जीभ वळली होती, पण पवित्र आठवड्यात लोणी उचलायला हात काही धजला नव्हता.

"म्हणजे तू न बोलावता आलीस," दियामांतोनं सावकाश, चव घेत म्हटलं. "शपथ मोडली तुझी."

"मोडली तर मोडली!" पनोरिया उठली. "पाहिलं तुला, झालं. जाते मी."

"जा. सोमवारी ये."

"हे बोलावणं समजू का?"

"नामदिनाला कुणी बोलवतं का?"

"मग नाही येत."

"नको येऊस!"

कोपऱ्यात योर्गिस ऑलिव्ह चघळत बसला होता. त्यानं बी थुंकली. "अगं बायांनो, जी गेलीच नाही, तिला बोलवायचं कशाला? बसू दे की इथंच सोमवारपर्यंत."

दोघींनी त्याच्याकडे असं पाहिलं, जणू त्यानं भर देवळात शिंक दिली. मग पनोरिया चुलीपाशी गेली, बाही सारली आणि पातेल्यात डोकावून नाक मुरडलं.

"पुडीतला रंग? आई कांद्याच्या सालींत रंगवायची."

"आईची अंडी विटकरी व्हायची."

"विटकरी? मेलबर्नला पोचलीस की आधी डोळे तपासून घे."

"घेईन. तिथं तुझी कटकट तरी नसेल."

"नसेल ना, म्हणून तर आत्ता करते. सात वर्षांची भरून काढायचीय. सरक तिकडे, झारा दे."

दियामांतोनं झारा दिला, आणि लाल हातानंच बहिणीचा सुटलेला रुमाल नीट केला. काळ्यावर रंग काही दिसला नाही. योर्गिसनं हळूच आपली ऑलिव्हची वाटी उचलली, खुर्ची काखेत मारली आणि अंगणात जाऊन बसला. सोमवारपर्यंत आता त्याचं घर तेच होतं.